वेदनेचा धनी : दलित आत्मकथने आणि मानसोपचार

दलित आत्मकथनांवर आपल्याकडे अमाप लिहिले गेले आहे. 'बलुतं' १९७८ साली आले, त्यापाठोपाठ 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी', 'जिणं आमुचं', 'उचल्या' अशी रांग लागली आणि मराठी समीक्षेला आपली जुनी मापे बाजूला ठेवावी लागली. वेदना, विद्रोह आणि नकार हे तीन शब्द या साहित्याच्या चर्चेत इतके रुळले, की बी. ए.चा विद्यार्थीही ते उत्तरपत्रिकेत न चुकता लिहितो. यांपैकी विद्रोहावर आणि नकारावर पुष्कळ मंथन झाले. वेदनेवर मात्र तेवढे झाले नाही. वेदना आपण साक्ष म्हणून वाचली, व्यवस्थेविरुद्धच्या खटल्यात ती दाखल केली. ते योग्यच होते. ती साक्ष दाखल झाली नसती तर प्रस्थापित मराठी साहित्य अजून मध्यमवर्गीय दिवाणखान्यातच बसून राहिले असते. पण साक्षीदार साक्ष देऊन घरी जातो, रात्री त्याला झोप लागते की नाही, हे न्यायाधीश विचारत नाही. समीक्षेनेही ते विचारलेले नाही. ज्याची वेदना आहे त्या माणसाचे पुढे काय झाले, त्याला काय हवे होते, हा प्रश्न आपण साहित्यबाह्य ठरवून टाकला.

या लेखात तो प्रश्न मानसोपचाराच्या अंगाने घ्यायचा आहे. मानसोपचार हा शब्द चळवळीतल्या माणसाला परका वाटतो. शहरी, खाऊनपिऊन सुखी असलेल्या, वेळ जात नसलेल्या लोकांचा तो प्रकार आहे, अशी आपली समजूत असते. शिवाय एक तात्त्विक आक्षेप असतो आणि तो अधिक गंभीर आहे. अन्याय समाजात आहे आणि उपचार व्यक्तीवर होतो. म्हणजे चटका देणारा तवा तसाच ठेवून हाताला मलम लावण्याचा हा उद्योग झाला, असे आपले कार्यकर्ते म्हणतात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. परंतु भाजलेल्या हाताला मलम लावू नये, असा निष्कर्ष त्यातून कसा निघतो, हे मला अद्याप कळलेले नाही.

प्रथम 'बलुतं' पाहू. या पुस्तकाच्या रचनेकडे आपण फार सहज दुर्लक्ष करतो. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार यांना सांगतो, अशी ती रचना आहे. सांगणारा तोच आणि ऐकणाराही तोच. समीक्षकांनी याला निवेदनतंत्र म्हटले, दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे प्रतीक म्हटले. दोन्ही खरे आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एक माणूस बोलतो, दुसरा मध्ये न तोडता, न लाजवता ऐकतो. मनोविश्लेषणाच्या खोलीत जे घडणे अपेक्षित असते तेच हे. फरक इतकाच, की दगडूला ऐकणारा दुसरा माणूस मिळालेला नाही. कावाखान्यातल्या बालपणाबद्दल, तमाशाच्या नादाबद्दल, पत्नी सईविषयीच्या संशयाबद्दल आणि तुटलेल्या लग्नाबद्दल तो कुणाशी बोलणार होता? कचेरीतल्या पांढरपेशा सहकाऱ्यांशी? त्यांच्यापुढे तर तो दया पवार म्हणून उभा होता, दगडू तिथे झाकून ठेवायचा होता. वस्तीतल्या लोकांशी? त्यांच्या दृष्टीने तो शिकून साहेब झालेला. त्यामुळे ऐकणारा माणूस त्याला स्वतःतूनच कापून काढावा लागला. मराठीतले एक श्रेष्ठ पुस्तक असे जन्मले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण ऐकायला दुसरे कुणी नव्हते म्हणून ते तसे जन्मले, याचे दुःख कुणी केल्याचे मला आठवत नाही. उलट पुस्तके आल्यावर आपल्यातल्याच काहींनी लेखकांना विचारले, की हा उकिरडा कशाला उपसता? गावकुसाबाहेरची लाज चव्हाट्यावर का आणता? म्हणजे ऐकणारा मिळाला तोही असा.

लिहिल्याने मन मोकळे होते, असे विधान आपण बेधडक करतो. ते अर्धेच खरे आहे. लिहिल्याने मोकळे होते, लिहिल्याने जखम पुन्हा वाहूही लागते. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला बोलते करतो तेव्हा तो तास संपण्यापूर्वी त्याला सावरून घरी पाठवणे हेही त्याचे काम असते. आत्मकथनकाराला असे सावरून कोण पाठवते? प्रकाशक? साहित्यसंमेलनाचा सूत्रसंचालक?

बेबी कांबळे यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. 'जिणं आमुचं' ग्रंथरूपाने १९८६ साली आले. हे लेखन त्यांनी घरच्यांपासून कितीतरी वर्षे लपवून ठेवले होते. पुस्तकात त्यांनी महारवाड्याचे सामूहिक जिणे मांडले. स्वतःच्या संसारातली मारहाण आणि नवऱ्याचा संशय त्यात जवळजवळ नाही. तो पुढे माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत आला, ती मुलाखत पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाबरोबर २००८ साली छापली गेली. समाजाचे दुःख सांगायला त्यांना चळवळीने भाषा दिली होती. स्वतःचे दुःख सांगायला भाषा होती, पण जागा नव्हती. कुणीतरी समोर बसून विचारले तेव्हा ते बाहेर आले. याला मी मानसोपचार म्हणत नाही. पण विचारणाऱ्या माणसाची किंमत किती असते, ते यावरून दिसते. दलित स्त्रीच्या बाबतीत हे दुहेरी आहे. बाहेरच्या अन्यायाविषयी तिने बोलावे अशी आपली अपेक्षा असते आणि घरातल्या अन्यायाविषयी बोलली तर चळवळीची बदनामी होते, असे आपणच तिला ऐकवतो.

याच पुस्तकात आषाढातल्या बायकांच्या अंगात येण्याचे जे वर्णन आहे, ते मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे. वर्षभर उपाशी राबणारी, सासूचा आणि नवऱ्याचा मार खाणारी बाई त्या घटकाभरात देवी होते. लोक तिच्या पाया पडतात, तिचे ऐकतात. बेबीताईंनी ते अंधश्रद्धा म्हणून लिहिले आणि तिच्यावर कोरडे ओढले. ते बरोबरच आहे. तरीही हे ध्यानात घ्यावे लागते, की त्या बाईचे म्हणणे गावाने ऐकून घेण्याची वर्षातली ती एकमेव वेळ होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि आपल्या लोकांनी देव्हारे रिकामे केले. मरीआई गेली, पोतराज गेला, देवऋषी गेला. एवढा मोठा मानसिक बदल इतक्या थोड्या काळात घडल्याची उदाहरणे जगात फार नाहीत. पण मनाच्या दुखण्यासाठी जे एक वाईट का होईना दार होते, ते बंद झाल्यावर नवे दार आपण उघडले काय? आमच्या भागात आजही एखाद्या घरातली सून रात्र रात्र जागते, एकटीच बोलते, तेव्हा घरचे लोक चोरून तिला दर्ग्यावर नेतात नाहीतर महानुभावांच्या मंदिरात ठेवतात. चोरून अशासाठी, की विहारात कळले तर लाज वाटेल. दवाखान्यात नेतात तेही चोरूनच. तिथे लाज वेगळी.

वास्तविक नवे दार शोधायला आपल्याला लांब जायचे कारण नव्हते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात किसा गोतमीची गोष्ट घेतली आहे. मूल मेलेली ही बाई वेडीपिशी होऊन औषध मागत फिरते. बुद्ध तिला रडू नको म्हणत नाहीत, संसार असार आहे असे व्याख्यान देत नाहीत. जिथे कुणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगतात. ती घरोघर जाते, प्रत्येक घराचे दुःख ऐकते आणि ऐकता ऐकता स्वतःचे मूल मेले आहे हे तिला मान्य होते. आजच्या गटोपचाराचा सगळा सांगाडा या गोष्टीत आहे. आपण ती वंदनेनंतरच्या प्रवचनात सांगतो आणि पुस्तक मिटतो.

आता दुसरी बाजू. मराठीत मानसोपचाराचा विचार रुजवण्याचे काम काही लोकांनी निष्ठेने केले आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथे रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली, पुस्तके लिहिली, व्याख्याने दिली. मनाच्या आजाराबद्दल मराठी मध्यमवर्ग आज जे थोडेफार उघडपणे बोलतो, त्यात या लोकांचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या लेखनाचा वाचक कोण, हे उदाहरणांवरून लगेच कळते. नाडकर्णींच्या एका पुस्तकाचे नाव 'विषादयोग' आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे हे नाव. अर्जुनाचा विषाद हा रथात बसलेल्या क्षत्रियाचा विषाद आहे. त्याला समजूत घालायला प्रत्यक्ष देव सारथी म्हणून मिळाला होता. एकलव्याने अंगठा कापून दिला त्या रात्री त्याला कसे वाटले असेल, यावर महाभारतात अध्याय नाही. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. ज्या संस्कृतीतून दृष्टान्त उचलले जातात, तिच्या दारातच आमचा रुग्ण अडखळतो, एवढेच म्हणायचे आहे.

एलिसच्या पद्धतीचा गाभा थोडक्यात असा : घटना माणसाला दुःखी करत नाही, घटनेविषयीची त्याची समजूत त्याला दुःखी करते. समजूत अविवेकी असेल तर ती तपासावी, बदलावी. साहेब रागावले, परीक्षेत अपयश आले, मुलीने नकार दिला, अशा प्रसंगी हे औषध लागू पडते. पण घटना जातीच्या अपमानाची असेल तर? मग अविवेकी समजूत नेमकी कुणाची? बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात म्हटले होते, की जात ही विटांची भिंत नसून ती मनाची अवस्था आहे. मंडळाला ते भाषण पचले नाही आणि ते झालेच नाही. बाबासाहेबांच्या त्या निदानाप्रमाणे रोगी सवर्ण मन आहे. मानसोपचाराच्या खोलीत मात्र नेहमी येऊन बसतो तो ज्याला त्या रोगाचा त्रास झाला तो. ज्याला रोग आहे त्याला झोप छान लागते, त्यामुळे तो डॉक्टरकडे जात नाही! आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथला एक आख्यायिका सांगतात. नामदेवांना कीर्तनाला देवळाच्या मागे जायला लावले, तेव्हा देऊळच फिरले. आख्यायिका म्हणून ती सोडून द्या, पण ती रचणाऱ्यांना एवढे कळत होते, की अशा वेळी फिरायचे ते देवळाने. नामदेवांनी आपली दृष्टी बदलून घ्यावी, असे त्यांनी सुचवले नाही.

एवढे म्हणून मी थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण प्रश्न तिथे संपत नाही. सवर्ण मन बरे व्हायला किती पिढ्या लागतील कोण जाणे, आणि आमच्या वसतिगृहातल्या पोराला आज रात्री झोपायचे आहे. एलिसने आपल्या विचाराचे मूळ ज्या प्राचीन तत्त्वज्ञाकडे नेले, तो एपिक्टेटस स्वतः गुलाम होता. म्हणजे घटना हातात नसताना मन हातात ठेवण्याचा हा विचार सुखवस्तू माणसाने शोधलेला नाही. ज्याला मालक मारू शकत होता अशा माणसाला तो लागला होता. त्यात शरणागती आहे तशीच एक ताकदही आहे. 'माझा अपमान झाला' आणि 'मी अपमान करण्याजोगाच आहे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले वाक्य घटनेचे आहे, त्यातून लढा निघतो. दुसरे वाक्य न्यूनगंडाचे आहे, त्यातून दारू निघते, बायकोला मारणे निघते, वर्गात मागच्या बाकावर बसणे निघते. एलिसची पद्धत या दोन वाक्यांमध्ये पाचर मारायला शिकवते. २० मार्च १९२७ ला महाडला लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते तहान लागली म्हणून नव्हे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बाबासाहेबांनी तिथल्या परिषदेत स्त्रियांना सांगितले आणि त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. तळ्याचा हक्क मिळण्यापूर्वी, कायदा होण्यापूर्वी त्यांच्या मनातले ते दुसरे वाक्य पुसले गेले. मानसोपचार हे आपले क्षेत्र नव्हे असे म्हणणाऱ्याने महाडचा इतिहास या दृष्टीने एकदा वाचावा. तिथे समाजही आहे, मनही आहे, आणि एकासाठी दुसरे थांबलेले नाही.

बाबूराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ सालच्या संग्रहातली. नोकरीच्या गावी जात लपवून राहणाऱ्या माणसाची ती गोष्ट. शेवटी त्याला मार बसतो, तो आपण लक्षात ठेवतो. पण मार बसण्यापूर्वीचे दिवस पाहा. प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरे तयार ठेवायची, प्रत्येक आदरामागे भीती बाळगायची, मित्राने मोठेपणा दिला की पोटात गोळा यायचा. हा आजार आज संपला आहे असे समजण्याचे कारण नाही. आमच्या महाविद्यालयातून स्पर्धापरीक्षेसाठी पुण्याला गेलेला एक विद्यार्थी वर्षभरात परत आला आणि खोलीत बसून राहिला. खोली मिळवताना, मेसमध्ये, अभ्यासिकेत त्याने आडनाव अर्धेच सांगितले होते. घरच्यांनी त्याला एका शहरातल्या समुपदेशकाकडे नेले. तिथे नाव नोंदवण्याच्या खिडकीपाशीच त्याने पुन्हा तेच केले. समुपदेशकाने त्याला अपयशाची भीती आहे असे निदान केले, श्वासाचे व्यायाम दिले, कमी विचार कर असे सांगितले. चार वेळा जाऊन त्याने जाणे सोडले. त्याच्या दुखण्याचे नाव तिथे निघालेच नाही, कारण ज्याने विचारायचे त्याला विचारायला अवघड वाटले आणि ज्याने सांगायचे त्याला भीती वाटली. आम्ही जात मानत नाही, त्यामुळे विचारतही नाही, असे सुशिक्षित लोक अभिमानाने सांगतात. डॉक्टरने मधुमेह मानत नाही म्हणून साखर तपासली नाही, तर आपण त्याला उदारमतवादी म्हणू काय?

फ्रान्झ फॅनन हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. ते क्रांतिकारक म्हणून आपण वाचतो. ते मनोविकारतज्ज्ञ होते, हे बऱ्याचदा विसरतो. १९५३ साली ते अल्जीरियात ब्लिडा येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. फ्रान्समध्ये यशस्वी झालेली सामूहिक उपचारपद्धती त्यांनी तिथे सुरू केली. युरोपीय स्त्रियांच्या विभागात ती चालली, अल्जीरियन मुसलमान पुरुषांच्या विभागात साफ पडली. फॅननने दोष रुग्णांवर ढकलला नाही. आपण त्यांचे जगणे न विचारता परके सण, परके खेळ त्यांच्यावर लादले, असे त्यांनी सहकाऱ्याबरोबर १९५४ साली लिहून प्रसिद्ध केले आणि त्या विभागात त्यांच्या पद्धतीचे कॉफीघर सुरू केले. पुढे १९५६ साली, जो समाजच माणसाला वेडे करतो त्यात एकेकट्याला बरे करण्याला अर्थ उरत नाही या निष्कर्षाला येऊन त्यांनी राजीनामा दिला. आपले मित्र हा राजीनामा नेहमी सांगतात. त्याआधीच्या तीन वर्षांचे कॉफीघर कुणी सांगत नाही. मला दोन्ही महत्त्वाचे वाटतात, आणि खरे सांगायचे तर हिंगोलीसारख्या ठिकाणी कॉफीघर अधिक निकडीचे वाटते.

परिपूर्ण जीवन, आत्मसिद्धी असे शब्द मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असतात. मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाची १९४३ सालची गरजांची उतरंड आमचे विद्यार्थी पाठ करतात : आधी अन्न, मग सुरक्षितता, मग प्रेम आणि आपलेपणा, मग प्रतिष्ठा, आणि सर्वांत वर स्वतःतल्या शक्तींचे पूर्ण फुलणे. याचा एक सोयीस्कर अर्थ असा काढला जातो, की गरिबाच्या पोटाचे पाहा, त्याच्या मनाचे नंतर पाहू. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'ने ही उतरंड कधीच मोडीत काढली आहे. तिथला मुलगा भुकेने कासावीस आहे आणि त्याच वेळी मी कुणाचा, माझी जात कोणती, बापाचे नाव काय लावू, हे विचारतो आहे. भूक भागेपर्यंत त्याची प्रतिष्ठा थांबलेली नाही. किंबहुना त्या पुस्तकात भूक आणि अनौरसपणा या दोन यातना वेगळ्या काढताच येत नाहीत. उपाशी माणसाला मन नसते, हा समज सरकारी योजनांत आहे आणि थोडासा आपल्या चळवळीतही आहे.

त्याची किंमत आपण मोजली आहे. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुलाने आत्महत्या केली. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही मुलगी. जातीवरून छळ केल्याचा आरोप ज्येष्ठ सहकारी डॉक्टरांवर झाला, प्रकरण न्यायालयात गेले. आपण या मृत्यूंना संस्थात्मक हत्या म्हटले, मोर्चे काढले. तो शब्द वापरायलाच हवा होता, कारण अशा प्रसंगी मुलगा नाजूक होता, मुलगी खचली होती असे सांगून संस्था मोकळ्या होतात. मानसोपचाराची भाषा तिथे खुन्याच्या वकिलासारखी वापरली जाते, आणि ती भाषा आपल्याला का खुपते ते यावरून कळावे. पण मोर्चा निघतो तो माणूस गेल्यावर. तो असताना, त्या आधीच्या आठवड्यात, तो कुणाशी बोलत होता? पायल तर रुग्णालयात काम करत होती. चहूकडे डॉक्टरच होते. संघटनेच्या बैठकीत आपला कार्यकर्ता निवेदन वाचतो, घोषणा देतो, पण मला चार दिवस झोप नाही असे म्हणायला त्याला जागा नसते. म्हटलेच तर 'वाघा, असं खचून कसं चालेल' असे उत्तर मिळते. वाघ म्हणवून घेण्याचे ओझे आपल्या पोरांवर आपणच टाकले आहे.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. मानसिक आरोग्य सेवेचा २०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने शासनखर्चाने चालणाऱ्या मानसिक उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिला आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे स्पष्ट लिहिले. त्याच्या तिसऱ्या कलमात तर असेही आहे, की आपल्या समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक मूल्ये एखादा मानत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. विद्रोहाला वेड म्हणता येणार नाही, असा याचा सरळ अर्थ. आपल्या एखाद्या परिसंवादात या कलमाची चर्चा झाल्याचे मी ऐकलेले नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे राज्य शासनाने २०१५ साली चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात हिंगोली होता. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही केंद्राची दूरध्वनी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या आणि विहाराच्या भिंतीवर रंगवला पाहिजे. खासगी मानसोपचाराच्या एका तासाची फी मात्र वसमतकडे हळद काढणाऱ्या बाईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी असते, आणि त्यासाठी नांदेडला जायचे तर एक दिवसाची मजुरी वर बुडते.

भाषेचा अडसर वेगळाच. आमच्या बाया 'नैराश्य' म्हणत नाहीत. जीव घाबरा होतो म्हणतात, डोकं भणभण करतंय, काही गोड लागंना, मन लागंना म्हणतात. डॉक्टर रक्तदाब तपासतो, शक्तीचे इंजेक्शन देतो. वस्तीच्या भाषेत, वस्तीतल्या माणसांकडून हे काम होऊ शकते, हे भार्गवी दावर यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या बापू ट्रस्टने पुण्याच्या वस्त्यांमध्ये दाखवून दिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने 'मानसमित्र' घडवायला घेतले. बहुजन तरुणांसाठी दिव्या कंदुकुरी यांनी 'ब्लू डॉन' हा गट उभा केला. आंबेडकरी संघटनांना हे करणे अवघड नाही. समाजमंदिरे आहेत, महिला मंडळे आहेत, वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला माणसे जमतात. वाचनानंतर अर्धा तास कुणाला काय बोलायचे आहे ते ऐकायला ठेवता येईल. ऐकणाऱ्या चार बायांना नीट शिकवावे लागेल, आणि कुठल्या दुखण्याला गोळ्याच लागतात व डॉक्टरकडेच पाठवावे लागते, तेही शिकवावे लागेल. समुपदेशक दलितच असला पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण त्याने 'बलुतं' वाचलेले असावे, हा आहे.

हा आग्रह वाटतो तेवढा भाबडा नाही. आमच्या महाविद्यालयात मराठीचा विभाग आणि मानसशास्त्राचा विभाग यांच्यामध्ये एकच भिंत आहे. अलीकडे दगडू शिकवला जातो, पलीकडे फ्रॉइड आणि मॅस्लो. या वर्षी आम्ही दोन्हीकडच्या अध्यापकांनी शनिवारी एक तास एकत्र घ्यायला सुरुवात केली. 'बलुतं'वर चार शनिवार गेले. मानसशास्त्राच्या मुलांनी दगडूला विवेकनिष्ठ पद्धतीने तपासून पाहिले आणि मराठीच्या मुलांनी ती पद्धतच तपासली. भांडणे झाली. एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली आणि तिने आईच्या न झोपण्याविषयी विचारले, तेव्हा तिला जिल्हा रुग्णालयाचा वार आणि वेळ लिहून दिली. पुढच्या सत्रात 'जिणं आमुचं' घ्यायचे ठरले आहे.